इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना : दापोलीजवळच्या एका घराचं प्रकरण

मी दापोली-मंडणगड भागात घरगुती वायरिंग आणि इन्व्हर्टरची कामं करतो. हे प्रकरण 2025 च्या पावसाळ्यातलं आहे. घर कुठलं ते कळू नये म्हणून गावाचं आणि माणसांची नावं वगळली आहेत. घरच्यांनी वाचून होकार दिल्यावरच लिहितो आहे.

पार्श्वभूमी

घर रस्त्यापासून बरंच खाली, पोफळीच्या आगराला लागून. जांभ्याच्या पायऱ्या उतरून जावं लागतं. घरात दोघंच. काका निवृत्त शिक्षक, वय 74. काकू 69. मुलगा पुण्याला नोकरीत, दोन महिन्यांतून एकदा येतो.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. विजेचे खांब आडवे झाले, कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी या घरी 24 व्होल्टचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि 150 एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचं माप) दोन उंच ट्यूब्युलर, म्हणजे शिसं-आम्लाच्या, बॅटऱ्या बसवल्या. तेव्हा भार म्हणजे चार दिवे, दोन पंखे आणि टीव्ही. चार-साडेचार वर्षं कसलीही तक्रार नव्हती.

अडचण

जानेवारी 2025 मध्ये काकांचा फुप्फुसांचा जुना आजार बळावला. डॉक्टरांनी रात्री झोपताना मिनिटाला 2 लिटर ऑक्सिजन सांगितला. घरी 5 लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं विजेवरचं यंत्र, आलं आणि पलंगाशेजारच्या प्लगला लागलं. तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर होता. याची खबर मला नव्हती.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, 26 मेला तर मुंबईत मोसमी पाऊस जाहीरही झाला. त्याच आठवड्यात सकाळी काकूंचा फोन. "अरे, रात्री लाईट गेली आणि अर्ध्या तासात यंत्र ओरडायला लागलं. मी यांना उठवून बसवलं आणि तासभर विंझणवारा घालत बसले. तू येशील का आज?"

मी त्याच दिवशी गेलो. तोवर मुलाने पुण्याहून बाजारातल्या एका दुकानात फोन केला होता. दुकानदाराने न बघताच सांगितलं होतं, "एक बॅटरी गेली असेल, एकच बदला, काम होईल."

तपासणी

पहिल्या दिवशी मी बॅटऱ्या पूर्ण चार्ज होऊ दिल्या आणि रात्री तारा सोडून ठेवल्या. चार्जिंग चालू असताना किंवा नुकतंच थांबलं असताना मीटर लावला तर मेलेली बॅटरीही 13 व्होल्ट दाखवते. बारा तास विसावल्यावरचा आकडा खरा. दुसऱ्या सकाळी पहिली 12.5 वर होती, दुसरी 10.6 वर. दोन व्होल्टची तूट म्हणजे सहा सेलपैकी एक सेल बसलेला.

हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, सेलन्‌सेल तपासला. घनता जितकी कमी, तितका सेल उतरलेला. पहिल्या बॅटरीचे सगळे सेल 1.210 ते 1.220. या जातीची बॅटरी पूर्ण भरलेली असताना 1.240 च्या जवळपास दिसते, म्हणजे वयाच्या मानाने ही ठीकच. दुसरीत पाच सेल 1.190 च्या आसपास आणि चौथा सेल 1.080. त्या सेलचा फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती दांडी) मात्र हिरव्या रेघेपर्यंत वर होता. बाहेरून बघणाऱ्याला पाणी भरपूर आहे असंच वाटावं. फ्लोट उपसून काढला तर त्याच्या दांडीवर तपकिरी चिकट थर बसला होता आणि दांडी नळीत अडकलेली होती. टॉर्च मारला तेव्हा प्लेटांचा वरचा काठ कोरडा दिसला.

काकूंना विचारलं, पाणी कुठलं घालता? त्या निर्मळपणे म्हणाल्या, "पावसाचं. पागोळीखाली स्वच्छ कळशी लावते, वस्त्रगाळ करते. पावसाच्या पाण्याइतकं शुद्ध काय असतं?" आमच्याकडे कितीतरी घरांत असंच करतात. उघड्या आकाशातून थेट पडलेलं पाणी बरंच शुद्ध असतं, पण पागोळीचं पाणी कौलांवरून येतं, आणि कौलांवर तांबडी धूळ, शेवाळ, पक्ष्यांची घाण असते. त्यातला लोहाचा अंश बॅटरीत गेला की बॅटरी बसल्या जागी आपोआप उतरायला लागते, आणि लोह एकदा आत गेलं की काढता येत नाही. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन दापोलीत सहज मिळतो, पण तो पायऱ्या उतरून कोण आणणार हा या घरातला खरा प्रश्न होता. 2020 साली मी पाणी घालायला सांगून गेलो होतो. कुठलं घालायचं ते सांगितलं होतं, कॅन मात्र ठेवून गेलो नव्हतो.

शिवाय बॅटऱ्या पडवीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात होत्या. उन्हाळ्यात दुपारचं ऊन तिथे थेट पडतं. शिशाच्या बॅटरीचं तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं तर आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. ती जागा तेव्हा मीच निवडली होती.

नंतर भार मोजला. कॉन्सन्ट्रेटर 2 लिटरवर 310 वॅट. जुने पंखे प्रत्येकी 70. राउटर 10. दिवे प्रत्येकी 9. आणि फ्रिज! मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी स्वयंपाकघराची दुरुस्ती करताना फ्रिजचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला होता. थोडक्यात, बॅटरी निकामी होत असताना तिच्यावरचा भार दुपटीहून जास्त झाला होता.

भिंतीवरचं कालनिर्णय

माझ्या मनात उत्तर तयार होतं. 150 च्या जागी 220 एएचच्या दोन ट्यूब्युलर लावायच्या, विषय संपला. मोठी टाकी, जास्त पाणी. तसं मी बोलूनही दाखवलं.

तेवढ्यात काकूंनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून आणलं. जानेवारीत यंत्र आल्यापासून लाईट कधी गेली आणि कधी आली हे त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहीत होत्या. बारीक, सुबक अक्षर. "गे. 9.40, आ. 10.05." मार्च-एप्रिलचे चौकोन जवळपास कोरे. 20 मे नंतरचे मात्र खचाखच भरलेले. एका दिवसाची नोंद मी तशीच उतरवून घेतली : गे. दुपारी 3.15, आ. 7.30, गे. 9.50, आ. 11.20, गे. 12.10, आ. पहाटे 5.

ती ओळ वाचून माझं उत्तर बदललं. लाईट सलग किती तास जाते, एवढाच प्रश्न मी धरून चाललो होतो. खरा प्रश्न होता की दोन खंडांच्या मध्ये लाईट येते तेवढ्या वेळात बॅटरी किती भरते. वादळी दिवसांत ती दीड तास, तीन तास येते आणि पुन्हा जाते. शिशाची बॅटरी रिकामी झाली की भरायला दहा-बारा तास घेते, त्यातला शेवटचा भाग तर फारच सावकाश. 220 एएचची बॅटरी त्याच चार्जरवर आणखी रेंगाळली असती. अर्धवट भरलेली बॅटरी पुन्हा उपसायची, पुन्हा अर्धवट भरायची, असं आठवडाभर चाललं की प्लेटांवर सल्फेट कडक होतं.

तोलून पाहिलेले पर्याय

*एकच बॅटरी बदलणं.* सर्वांत स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत वाईट. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात, प्रवाह दोन्हींतून तोच वाहतो. चार्जरला दोन्हींची मिळून बेरीज दिसते. जुनीचा व्होल्टेज लवकर चढतो आणि चार्जर थांबतो, नवी अर्धवट राहते. उपसताना जुनी आधी बसते आणि इन्व्हर्टर बंद पडतो. वर्षभरात नवीही जुनीसारखी होते.

*150 एएचच्या दोन नव्या ट्यूब्युलर.* जुन्या परत देऊन सुमारे 28 हजार. माहितीतलं तंत्र, दापोलीत लगेच मिळणारं, बिघाड झाला तर इथलाच कुणीही बघू शकेल असं. लेबलवरचे 150 हे वीस तासांत हळूहळू उपसल्यावरचे असतात. आमच्या भाराला 19 अँपिअर लागणार होते, त्या वेगाने हातात 120-125 च येतात. म्हणजे नवी असताना सहा-साडेसहा तास, तेही तळापर्यंत उपसून. रोज तळ गाठला तर आयुष्य घटणार. आणि पाण्याचा प्रश्न जिथल्या तिथे.

*लिथियम आयर्न फॉस्फेट, 25.6 व्होल्ट 100 एएच.* जुन्या इन्व्हर्टरला लिथियमचं सेटिंग नव्हतं. त्यामुळे इन्व्हर्टरही नवा. दोन्ही मिळून 80 हजारांच्या घरात, म्हणजे जवळपास तिप्पट. त्या वेळी शिशाच्या बॅटरीवर जीएसटी 28 टक्के आणि लिथियमवर 18 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवर 18 झाला, म्हणून आज तुलना करणाऱ्याने माझे आकडे तसेच धरू नयेत.

*छपरावर सौर.* मुलाचा ओढा इकडे होता. 'पीएम सूर्यघर' योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान मिळतं, मग त्यातच भागवू, असं त्याचं म्हणणं. त्याला समजावून सांगावं लागलं की बॅटरीशिवायचा ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी रचनाच असते. शिवाय लाईट सगळ्यांत जास्त जाते ती जून-जुलैत, जेव्हा आमच्याकडे दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. वीजबिलासाठी योजना चांगली आहे, पण या प्रश्नाचं उत्तर ती नव्हे.

*पेट्रोलवरचा छोटा जनरेटर.* रात्री दोन वाजता पावसात दोरी ओढून तो सुरू करणं काकूंना जमणार नव्हतं. धूरही काकांना नको. इथेच तो विषय संपला.

निर्णय

निर्णय एका हिशेबावर झाला. तो मी कालनिर्णयाच्या मागच्या पानावर काकूंसमोरच मांडला. समजा बॅटरी रिकामी आहे आणि लाईट फक्त तीन तास आली. ट्यूब्युलरच्या जोडीत 15 अँपिअरने भरताना, वजावट जाऊन, 40 एएच जातील, त्यावर यंत्र जेमतेम दोन तास चालेल. लिथियममध्ये 25 अँपिअरने 75 एएच जातील, आणि यंत्र साडेचार तास चालेल.

काका पलंगावरून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे गोष्ट साठ्याची नाही, भरण्याची आहे." अगदी तेच.

पाणी घालायचं नाही ही दुसरी बाजू. वजन ही तिसरी. भरलेली उंच ट्यूब्युलर 55-60 किलोची, पायऱ्यांवरून दोघं-तिघं लागतात. लिथियमची मी एकट्याने उचलून आणली.

विरोधातला मुद्दाही मोठा होता आणि मी तो लपवला नाही. लिथियमच्या आतलं संरक्षक सर्किट रात्री तुटलं तर ते दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात नाही. बॅटरी कंपनीकडे जाणार, महिना मोडणार. म्हणून मी एक अट घातली. बॅटरी कुठलीही घ्या, ऑक्सिजनचा शेवटचा आधार बॅटरी असता कामा नये. डॉक्टरांशी बोलून घरी बी-टाइपचे दोन सिलिंडर, रेग्युलेटरसकट आणायचे. एकात सुमारे 1500 लिटर, मिनिटाला 2 लिटरने साडेबारा तास. मुलाने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. देवघर त्याच खोलीच्या दाराशी होतं, समई तेवत असायची. काकूंनी न कुरकुरता देव माजघरात हलवले. ऑक्सिजनजवळ ज्योत नको, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं.

बसवणी

आधी भार कमी केला. फ्रिज थेट लाइनवर परत नेला. काकांच्या खोलीतला पंखा बदलून 28 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, लावला. रात्रीचा आवश्यक भार आता यंत्र, एक पंखा, एक दिवा, राउटर : 357 वॅट. इन्व्हर्टरमधला ऱ्हास धरून बॅटरीवर 420.

बॅटरी पडवीतून आतल्या खोलीत, जमिनीपासून फूटभर वर. बॅटरी निवडताना मी तीन गोष्टी लेखी मागितल्या होत्या : सतत किती अँपिअर देईल, किती अँपिअरने भरता येईल, आणि वॉरंटीत पूर्ण बदलून देण्याची वर्षं किती व घसारा कापून देण्याची किती. चौथी गोष्ट काकूंसाठी, अंगावर टक्के दाखवणारा पडदा. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो, त्यामुळे इन्व्हर्टरवरच्या चार दिव्यांवरून काही कळत नाही. मोबाइलमधलं ॲप त्यांना नको होतं.

मग पूर्ण भरून, खऱ्या भारावर, दिवसाउजेडी उतरवून पाहिली. 5 तास 10 मिनिटांनी 10 टक्के उरले. हिशेबात साडेपाच आले होते. मोठ्या अक्षरांत कागद लिहून भिंतीला लावला : 50 टक्क्यांना पंखा बंद, 30 ला सिलिंडर जोडा, मग यंत्र बंद. काकूंनी माझ्यासमोर तीनदा रेग्युलेटर जोडून दाखवला.

जुन्या बॅटऱ्यांना एका भंगारवाल्याने दुकानापेक्षा पाचशे जास्त देऊ केले. तो आम्ल तिथेच माडाच्या आळ्यात ओतून रिकाम्या बॅटऱ्या नेणार होता, कारण वजन त्याला पायऱ्यांवरून न्यायचं नव्हतं. आळ्यापासून विहीर तीस फुटांवर. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची साखळी आहे, दुकानदार ती भरलेलीच घेतो. आम्ही तिघांनी उभ्या धरून वर चढवल्या.

जुलैतली रात्र

पहिले तीन आठवडे उत्तम गेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दहाला काकूंचा फोन आला. "अरे, लाईट आहे. शेजारी दिवे आहेत, आपला फ्रिजही चालू आहे. तरी बॅटरी 62 वर आलीय आणि उतरतेय."

मी मोटारसायकल काढली. प्लगला मीटर लावला तर 168 व्होल्ट. उलगडा झाला. यंत्र क्षणभरही अडखळू नये म्हणून इन्व्हर्टर मी यूपीएस मोडवर ठेवला होता. त्या मोडमध्ये तो 180 च्या खालचा पुरवठा स्वीकारतच नाही. लाईट गेली असं समजून बॅटरीवर जातो. फ्रिजला 168 चालत होते, इन्व्हर्टरला नाही. लाईट घरात होती, पण बॅटरी भरत नव्हती, उलट रिकामी होत होती. नवी बॅटरी, नवा इन्व्हर्टर, सगळे हिशेब बरोबर, आणि मी घरात येणारा व्होल्टेज संध्याकाळच्या वेळी एकदाही मोजला नव्हता. मी गेलो होतो ते सकाळी, तेव्हा 220 असायचे.

त्या रात्री नॉर्मल मोड लावून बॅटरी भरायला घातली आणि काकांना सिलिंडरवर ठेवलं, कारण नॉर्मल मोडमध्ये तेच 168 व्होल्ट यंत्राच्या काँप्रेसरला गेले असते, आणि त्याला 207 च्या खाली नको असतात. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरच्या आधी 130 व्होल्टपासून उचलणारा स्टॅबिलायझर बसवला आणि यूपीएस मोड परत लावला. वीज कार्यालयात अर्ज दिला. चार दिवसांनी वायरमन आला, खांबावरचा सैल जोड त्याने काढून नवा केला. त्यानंतर संध्याकाळी 205 ते 210 मिळतात.

निकाल

ऑगस्टअखेरपर्यंत काकूंच्या नोंदीत 71 वेळा लाईट गेली. सिलिंडर तीनदाच लागला : एकदा वरच्या प्रसंगी, दोनदा झाड पडून लाईट दिवसभर गेली तेव्हा. विंझणवारा घालायची वेळ पुन्हा आली नाही.

पुन्हा करायचं तर

घरात नवं यंत्र आलं की मला कळवा, हे मी आता बसवणीच्या दिवशीच सांगतो आणि बॅटरीवर चिकटवतो. जुन्या ग्राहकांना मेच्या सुरुवातीला, पावसाआधी, फोन करतो. काकूंच्या घरी तो फोन गेला असता तर चौथा सेल आणि फ्रिज दोन्ही वेळेत सापडले असते.

सलग तीन संध्याकाळी, सात ते दहाच्या दरम्यान, येणारा व्होल्टेज मोजल्याशिवाय मी आता बॅटरीचा विषयच काढत नाही.

हे प्रकरण ऐकून बरेच जण लिथियम मागायला येतात. ज्या घरात फक्त दिवे-पंखे आहेत, लाईट तासाभराने येते आणि पाणी घालणारा माणूस घरात आहे, त्यांना मी आजही ट्यूब्युलरच देतो आणि सोबत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन स्वतः पोचवतो. तिप्पट पैसे त्या घरात वाया जातील.

एक गोष्ट या घरात अजून राहिली आहे. पाच तासांचे दहा तास करायचे तर याच बॅटरीला समांतर दुसरी जोडता येते, पण ती त्याच बनावटीची आणि शक्यतो फार वयाचा फरक नसलेली हवी. मुलाने दिवाळीपर्यंतची मुदत मागितली आहे. काकूंनी नोव्हेंबरच्या पानावर पेन्सिलीने "दुसरी बॅ." असं लिहून ठेवलं आहे.